औषधीद्रव्यांच्या पुरवठा साखळीतील वेठबिगारी : ओळख आणि प्रतिबंध
(धर्मादाय औषधालये व औषधनिर्माते यांच्यासाठी अभ्यासलेख)

प्रस्तावना

भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी हे चिकित्सेचे चार पाद होत. यांपैकी द्रव्याच्या ठिकाणी विपुलता, योग्यता, अनेकविध कल्पना होण्याची क्षमता आणि संपन्नता हे चार गुण असावेत, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. आपण द्रव्य पारखताना त्याचा रस, गुण, वीर्य, विपाक पाहतो. भेसळ, कीड, ओलावा, जडधातू यांची तपासणी करतो. परंतु ते द्रव्य ज्या हातांनी तोडले, वाळविले, निवडले आणि कांडले, ते हात मोकळे होते की बांधलेले, हा प्रश्न आपल्या खरेदीवहीत क्वचितच येतो.

वास्तविक, वनस्पतींचे ज्ञान आणि त्या गोळा करणारी माणसे यांचा संबंध शास्त्रकारांना पूर्णपणे ज्ञात होता. शेळ्या-मेंढ्या व गाई राखणारे आणि वनात राहणारे लोक वनौषधींना नावाने व रूपाने ओळखतात, असा स्पष्ट उल्लेख चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात येतो. ज्यांच्या ज्ञानावर आपला द्रव्यसंग्रह उभा आहे, त्यांच्या श्रमाचे स्वरूप समजून घेणे हे आपले कर्तव्य ठरते.

हा विषय धर्मादाय संस्थांना अधिक लागू पडतो. विश्वस्त संस्थेचे औषधालय गरिबांस अल्पदरात औषध देते. तो अल्पदर संस्थेच्या देणगीतून येतो की साखळीच्या दुसऱ्या टोकावरील अधिक गरीब माणसाच्या मजुरीतून, हे पाहिल्याशिवाय त्या दानाचा हिशेब पूर्ण होत नाही. प्रस्तुत लेखात या विषयाची व्याख्या, आपल्या प्रांतातील पूर्वेतिहास, जोखमीची ठिकाणे, लक्षणे, कायद्याची चौकट आणि प्रतिबंधाचे उपाय यांचा क्रमाने विचार केला आहे.

व्याख्या

‘आधुनिक गुलामगिरी’ ही संज्ञा अलीकडे रूढ झाली आहे. सक्तीचे श्रम, कर्जापोटी वेठबिगारी, मानवी तस्करी, बालकांचे निकृष्ट प्रकारचे शोषण आणि सक्तीचा विवाह यांचा तिच्यात समावेश होतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सहयोगी संस्थांसह २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ४ कोटी ९६ लाख माणसे अशा स्थितीत होती. त्यांपैकी २ कोटी ७६ लाख सक्तीच्या श्रमात, तर २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहात अडकलेली होती.

आपल्या देशातील मुख्य कायदा म्हणजे वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६. या कायद्यातील व्याख्या प्रत्येक औषधी खरेदीदाराने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. कोणी उचल घेतली म्हणून, किंवा रूढी, वारसा वा विशिष्ट जातीत जन्म या कारणाने, पुढील चारपैकी एकाही बंधनात सापडला तर तो वेठबिगार ठरू शकतो :

१) विनामजुरी किंवा नाममात्र मजुरीवर श्रम करावे लागणे.
२) अन्यत्र काम करण्याचे स्वातंत्र्य गमावणे.
३) मुक्तपणे हिंडण्या-फिरण्याचा हक्क गमावणे.
४) आपली मालमत्ता किंवा आपल्या वा कुटुंबीयांच्या श्रमाचे उत्पादन बाजारभावाने विकण्याचा हक्क गमावणे.

यांतील चौथे बंधन आपल्या व्यवसायाशी थेट निगडित आहे. वेठबिगार म्हटले की साखळदंड, कोंडवाडा, मारहाण असे चित्र डोळ्यांसमोर येते. परंतु पावसाळ्यात घरात दाणा नसताना व्यापाऱ्याकडून उचल घेतलेला संग्राहक हंगामात आपला हिरडा, गुळवेल वा बेहडा त्याच व्यापाऱ्यास, तो ठरवील त्या पडत्या भावाने घालण्यास बांधला गेला असेल, तर कोणीही त्याला कोंडले नसतानाही कायद्याच्या व्याख्येत तो बसू शकतो. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. उचल फेडून मोकळे होण्याची, दुसऱ्यास माल विकण्याची आणि भाव विचारण्याची मुभा आहे की नाही, ही खरी कसोटी होय.

पूर्वेतिहास

महाराष्ट्रास हा विषय नवा नाही. ठाणे जिल्ह्याच्या (आताच्या पालघर जिल्ह्यातील) डहाणू, तलासरी भागात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको जमीनदाराकडे जन्मभर राबत. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये वारली आदिवासींनी गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या साहाय्याने या वेठीविरुद्ध लढा उभारला. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्याची हकीकत आली आहे. पुढे वसई परिसरात विवेक व विद्युल्लता पंडित यांनी वेठबिगारांच्या मुक्तीचे काम हाती घेतले आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना स्थापन झाली. या कामाबद्दल १९९९ चा आंतरराष्ट्रीय गुलामगिरीविरोधी पुरस्कार पंडित दांपत्यास मिळाला.

आयुर्वेदाच्या दृष्टीने कातकरी समाजाचे उदाहरण विशेष विचारात घेण्याजोगे आहे. खदिरापासून कात काढणारे ते कातकरी, असा या नावाचा उगम सांगितला जातो. म्हणजे आपल्या निघंटूंतील एका महत्त्वाच्या द्रव्याशी या जमातीची ओळखच जोडलेली आहे. जंगलावरील हक्क गेल्यावर हा व्यवसाय संपुष्टात आला आणि उचल घेऊन वीटभट्टी व कोळसाभट्टीवर जाणे हे अनेक कुटुंबांचे जीवन बनले. आज महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमातींची गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातील कातकरी बालके काही हजार रुपये व एखादी मेंढी यांच्या मोबदल्यात मेंढ्या राखण्यासाठी दिली गेल्याचे उघडकीस आले. त्यांतील एका बालिकेचा मृत्यू झाला. कायदा होऊन सेहेचाळीस वर्षे लोटल्यानंतरची ही घटना आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

साखळीतील जोखमीची ठिकाणे

(अ) वनातून येणारी काष्ठौषधी – राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या २०१४-१५ च्या मागणी-पुरवठा अभ्यासात १,१७८ वनौषधी प्रजाती व्यापारात असल्याचे नोंदविले आहे. त्यांपैकी २४२ प्रजातींचा वार्षिक खप १०० टनांहून अधिक असून या २४२ पैकी १७३ प्रजाती प्रामुख्याने वन्य स्रोतांतून येतात. संग्राहक, गावचा व्यापारी, तालुक्याचा अडत्या, शहरातील घाऊक विक्रेता, चूर्ण करणारा आणि मग औषधनिर्माता, अशी ही साखळी असते. प्रत्येक टप्प्यावर माल एकत्र मिसळला जातो आणि मूळ गावाचे नाव पुसले जाते. जेथे नाव पुसले जाते तेथे जबाबदारीही पुसली जाते.

(आ) अभ्रक – झारखंडमधील कोडरमा व गिरिडीह आणि बिहारमधील नवादा या जिल्ह्यांत बंद पडलेल्या खाणींच्या ढिगाऱ्यातून अभ्रकाचे तुकडे वेचण्याचे काम चालते. त्यात बालकांचा मोठा भरणा असल्याचे व खाण कोसळून मृत्यू होत असल्याचे २०१६ मध्ये वृत्तसंस्थांच्या शोधातून जगापुढे आले. त्यानंतर २०१७ मध्ये सौंदर्यप्रसाधने व रंग उद्योगांतील कंपन्यांनी ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ ही संस्था उभी केली. तेथील अभ्रक प्रामुख्याने श्वेत असते, तर भस्मासाठी ग्रंथोक्त श्रेष्ठ द्रव्य कृष्णवज्राभ्रक होय. म्हणून आपले अभ्रक तेथूनच येते असे समजण्याचे कारण नाही. मात्र ते कोठून येते, हे ज्या रसशाळेस सांगता येत नाही, तिला ते तेथून येत नाही असेही म्हणता येणार नाही. द्रव्य वज्राभ्रक आहे की नाही हे आपण अग्निपरीक्षेने ठरवितो. खाणीची परीक्षा मात्र कागदपत्रांनी व प्रत्यक्ष पाहणीनेच होऊ शकते.

(इ) साखर व गूळ – अवलेह, पाक, आसव व अरिष्ट यांत वजनाने सर्वांत मोठा वाटा बहुधा साखरेचा किंवा गुळाचा असतो. ऊसतोडणी मुकादमाच्या उचलीवर चालते. पती-पत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि हंगाम संपताना उचल फिटली नाही तर ती पुढील वर्षी ओढली जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण चिंताजनक असल्याची तक्रार आल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सुमारे ८२ हजार महिलांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. श्रमपद्धती आणि आरोग्य यांचा संबंध वैद्यांना याहून स्पष्टपणे सांगण्याची गरज नाही.

(ई) इमारत व इंधन – रुग्णालयाची नवी इमारत हा धर्मादाय संस्थेचा सर्वांत मोठा खर्च असतो. विटा, खडी व वाळू यांची खरेदी कंत्राटदार करतो आणि विश्वस्त केवळ प्रति चौरस फूट दर पाहतात. उचलीवर आणलेली कुटुंबे सर्वाधिक सापडतात ती वीटभट्टी व दगडखाणीतच. भट्टीसाठी घेतल्या जाणाऱ्या लाकडी कोळशाविषयीही हेच म्हणता येईल.

(उ) कापड व हातमोजे – पट्ट्या, चादरी व गणवेश यांचे सूत ज्या गिरण्यांतून येते, त्यांपैकी तामिळनाडूतील काही गिरण्यांत ‘सुमंगली’ नावाच्या योजनेखाली किशोरवयीन मुलींना तीन वर्षांच्या अखेरीस एकरकमी पैसे देण्याच्या आश्वासनावर वसतिगृहात ठेवून राबविले जात असे. रबरी हातमोज्यांच्या एका मोठ्या मलेशियन उत्पादकाच्या मालावर अमेरिकेने २०२० मध्ये सक्तीच्या श्रमाच्या कारणावरून निर्बंध घातले. स्थलांतरित कामगारांकडून उकळलेले भरतीशुल्क कंपनीने परत केल्यावर व इतर सुधारणा केल्यावर ते २०२१ मध्ये उठविण्यात आले. खरेदीदाराने आग्रह धरला तर सुधारणा होते, हा यातील बोध होय.

(ऊ) आपली स्वतःची आस्थापना – दोष दूरच्या रानातच शोधावा असे नाही. वेष्टन विभागातील कंत्राटी स्त्रिया, रात्रपाळीचे पहारेकरी, स्वयंपाकगृहातील मुले, पंचकर्म विभागातील परिचारक यांना मजुरी कोण देतो, किती देतो व किती कापतो, हे विश्वस्तांना ठाऊक असते काय? नवपदवीधर वैद्य किंवा परिचारिका यांची मूळ प्रमाणपत्रे ‘सोडून जाऊ नये म्हणून’ कपाटात ठेवून घेण्याची प्रथाही काही ठिकाणी आहे. ओळखपत्रे व कागदपत्रे अडवून ठेवणे हे सक्तीच्या श्रमाचे मान्य लक्षण आहे. एवढ्यावरून कोणी वेठबिगार ठरत नाही, तथापि ही प्रथा तत्काळ बंद करण्यास कोणत्याही चौकशीची वाट पाहावी लागत नाही. तसेच ‘सेवा’ या पवित्र शब्दाखाली ठरावीक वेळेचे, हजेरीचे व शिक्षेचे काम विनावेतन घेतले जात असेल, तर ती सेवा राहत नाही.

लक्षणे

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या श्रमाची अकरा लक्षणे दिली आहेत : असहायतेचा गैरफायदा, फसवणूक, हालचालींवर बंधन, एकाकी ठेवणे, शारीरिक व लैंगिक अत्याचार, धाकदपटशा, कागदपत्रे अडविणे, मजुरी रोखून धरणे, कर्जाचे बंधन, काम व राहण्याची हलाखीची स्थिती आणि अतिरिक्त तासांचे काम. व्याधीनिदानात जसे एकाच रूपावरून निर्णय करीत नाहीत, तसेच येथेही. कधी एक प्रबळ लक्षण पुरते, कधी तीन-चार सौम्य लक्षणांचा समुच्चय पाहावा लागतो.

ग्रामीण भागात चिकित्सा करणाऱ्या वैद्यांच्या दृष्टोत्पत्तीस पुढील गोष्टी येऊ शकतात. रुग्णाऐवजी त्याच्याबरोबर आलेला मुकादमच सर्व उत्तरे देतो. रुग्णास आपण राहतो त्या गावाचे नाव सांगता येत नाही. जखम जुनी असूनही उपचारास उशीर झालेला असतो. औषधाचा खर्च ‘उचलीत मांडा’ असे सांगितले जाते. अशा वेळी रुग्णाशी एकांतात, त्याच्या भाषेत बोलावे आणि त्याच्या संमतीवाचून कोणासही काही सांगू नये. बालक असल्यास मात्र कळविणे हेच कर्तव्य होय.

कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने वेठ व सक्तीच्या श्रमास मनाई केली आहे. १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर घेतलेले काम हेही या अनुच्छेदाच्या अर्थाने सक्तीचे श्रम होत, असा निर्णय दिला. भूक व दारिद्र्य यांचा रेटा हीदेखील सक्तीच होय, हे त्यामागील तत्त्व आहे.

१९७६ च्या अधिनियमानुसार वेठबिगारीचे कर्ज नष्ट झाले असून ते वसूल करणे किंवा स्वीकारणे हाही गुन्हा आहे. आपल्याकडील कर्ज हे वेठबिगारीचे नाही, हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर टाकलेला आहे. वेठबिगारी करवून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. साहाय्य करणाऱ्यासही तीच शिक्षा आहे. जिल्हा व उपविभाग स्तरावर दक्षता समित्यांची तरतूद आहे. याखेरीज भारतीय न्याय संहितेच्या (१ जुलै २०२४ पासून लागू) कलम १४३ मध्ये मानवी तस्करीस आणि कलम १४६ मध्ये बेकायदेशीर सक्तीच्या श्रमास शिक्षा सांगितली आहे. १४ वर्षांखालील बालकास, कुटुंबास मदत इत्यादी मर्यादित अपवाद वगळता, कोणत्याही कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने बंदी आहे आणि १४ ते १८ वयोगटास धोक्याच्या कामांची मनाई आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात दिवसांत व काम सोडणाऱ्याची देणी दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावयाची असतात. जादा तासांस किमान दुप्पट दर आहे.

निर्यात करणाऱ्यांनी परदेशी कायद्यांकडेही लक्ष द्यावे. ब्रिटनच्या २०१५ च्या कायद्यानुसार ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक उलाढाल असणाऱ्या व तेथे व्यवसाय करणाऱ्या संस्थांना, त्यांत मोठ्या धर्मादाय संस्थाही आल्या, आपल्या साखळीविषयी दरवर्षी निवेदन प्रसिद्ध करावे लागते. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये असाच कायदा केला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये सक्तीच्या श्रमाने बनलेल्या मालास बाजारबंदी करणारा नियम संमत केला असून तो डिसेंबर २०२७ पासून लागू व्हावयाचा आहे.

प्रतिबंध

निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी. येथे हेतू तीन : कमीत कमी दराचा आग्रह, खरेदीतील अनिश्चितता आणि मधल्या टप्प्यांविषयीचे अज्ञान. त्यानुसार उपाययोजना पुढीलप्रमाणे करावी.

१) ठराव व जबाबदार व्यक्ती – विश्वस्त मंडळाने वा संचालकांनी एक पानाचा स्पष्ट ठराव करावा : संस्थेत व तिच्या पुरवठादारांकडे सक्तीचे श्रम, बालश्रम, कागदपत्रे अडविणे आणि भरतीसाठी पैसे घेणे चालणार नाही. अंमलबजावणीसाठी एका व्यक्तीचे नाव लिहावे. सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच नसते.

२) दहा द्रव्यांची यादी – सर्व साखळी एकदम तपासणे शक्य नाही. वर्षभरात वजनाने सर्वाधिक लागणारी दहा द्रव्ये घ्यावीत. प्रत्येकापुढे वन्य की लागवडीचे, पुरवठादार, त्याचा पुरवठादार, जिल्हा, तालुका, संग्रहाचा हंगाम हे रकाने मांडावेत. जेथे रकाना रिकामा राहतो तेथून काम सुरू करावे. कच्च्या मालाच्या आवक-नोंदी शेड्यूल ‘टी’ नुसार आपण ठेवतोच. त्यांतच दोन रकाने वाढवावयाचे आहेत.

३) दराची कसोटी – उदाहरणादाखल असे समजू की, एका व्यक्तीस गोळा करणे, वाळविणे व निवडणे मिळून दीड दिवसात १२ किलो सुका माल मिळतो आणि गावात किलोस ३० रुपये भाव मिळतो. म्हणजे दीड दिवसाचे ३६० रुपये, अर्थात दिवसाचे २४० रुपये झाले. हा आकडा आपल्या भागातील प्रचलित किमान वेतनाशी ताडून पाहावा. स्वतंत्र संग्राहकास किमान वेतनाचा नियम जसाच्या तसा लागू होईलच असे नाही. परंतु तो भाव माणसास जगू देतो की उचलीकडे ढकलतो, याचे हे साधे मोजमाप आहे. शासनाने २०१३-१४ पासून गौण वनोपजासाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली आहे. ज्या द्रव्यांस अशी किंमत जाहीर झाली आहे, त्यांची खरेदी तिच्याखाली करू नये.

४) थेट व संघटित संग्राहकांकडून खरेदी – वन हक्क अधिनियम, २००६ ने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वनवासींना दिला आहे. ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथे कातकरी तरुणांनी वन धन केंद्राच्या माध्यमातून गुळवेल संकलित करून मोठ्या औषधी कंपन्यांना पुरविण्यास आरंभ केला, हे अलीकडचे उदाहरण आहे. भीमाशंकर परिसरात पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने महादेव कोळी संग्राहकांबरोबर काम करून हिरड्याच्या संकलनास ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणन मिळविले आणि तो माल ब्रिटनमधील खरेदीदारास जाऊ लागला. या प्रमाणनात वनस्पतीच्या शाश्वततेबरोबरच संग्राहकाचा मोबदला व बालश्रमास प्रतिबंध यांचीही अट असते. लहान औषधालयास एकट्याने असे करणे जड जाईल. पाच-दहा सभासदांनी एकत्र मागणी नोंदविल्यास ते आवाक्यात येते.

५) वेळेवर पैसे व आगाऊ मागणी – पुरवठादारास सहा महिने पैसे न देणारा खरेदीदार नकळत खालच्या टोकास सावकार निर्माण करतो. हंगामापूर्वी मागणी निश्चित करावी आणि संग्राहक गटास काही रक्कम आगाऊ द्यावी. मात्र ती बिनव्याजी असावी, लेखी असावी, तिची नोंद गटाच्या नावे असावी आणि फेड झाल्यावर माल अन्यत्र विकण्यास पूर्ण मोकळीक असावी. अन्यथा आपणच नवे बंधन घालू.

६) करारातील अटी – खरेदीपत्रात चार ओळी पुरेत : सक्तीचे व बालश्रम नाहीत, मजुरी थेट मजुराच्या हाती वा खात्यात जाते, मूळ कागदपत्रे अडविली जात नाहीत, आणि मागाहून पाहणीस परवानगी आहे. बांधकामाच्या निविदेतही विटा व खडीचा स्रोत नमूद करण्यास सांगावे.

७) पाहणी – वर्षातून निदान एकदा, हंगाम चालू असताना संग्रहस्थळी जावे. मालकाच्या उपस्थितीत प्रश्न विचारू नयेत. स्त्रियांशी स्त्रियांनीच बोलावे. “उचल किती घेतली, किती फिटली, हिशेब कोण लिहितो, दुसऱ्यास माल घातला तर काय होते?” या चार प्रश्नांच्या उत्तरांत बहुतेक निदान होते.

८) घरची शुद्धी – मूळ प्रमाणपत्रे परत करावीत. कंत्राटी मजुरांचे वेतनपत्रक दरमहा मागवावे. किमान वेतनाचा फलक कामगारांस समजेल अशा मराठीत लावावा. तक्रार करण्यास व्यवस्थापकाबाहेरील एक व्यक्ती नेमावी.

प्रकरण आढळल्यास

पहिली प्रतिक्रिया बहुधा ‘त्या पुरवठादाराकडून खरेदी बंद’ अशी असते. संस्थेचे नाव त्याने वाचते, माणूस मात्र तेथेच राहतो आणि त्याची स्थिती अधिक बिकट होते. म्हणून प्रथम माणसाची सुरक्षितता, नंतर दुरुस्ती आणि दुरुस्तीस नकार मिळाल्यासच व्यवहारत्याग, असा क्रम ठेवावा. स्वतः छापा घालू नये. मजुरांस वा मालकास आगाऊ सूचना देऊन गोंधळ करू नये. छायाचित्रे व नावे प्रसृत करू नयेत.

वेठबिगारीची माहिती जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी यांना लेखी द्यावी. बालकांसाठी १०९८, तातडीच्या संकटात ११२ आणि विनामूल्य विधी साहाय्यासाठी १५१०० हे क्रमांक आहेत. चौकशीअंती मिळणारा मुक्ती-दाखला अत्यंत महत्त्वाचा असतो, कारण पुनर्वसन त्यावर अवलंबून आहे. केंद्रीय पुनर्वसन योजनेत प्रौढ पुरुषास १ लाख, स्त्रिया व बालकांस २ लाख आणि अतिगंभीर प्रकरणी ३ लाख रुपये, तसेच ३० हजार रुपयांपर्यंत तातडीचे साहाय्य अशी तरतूद आहे. मुक्त झालेला माणूस पुन्हा उचलीकडे वळतो तो पहिल्या काही महिन्यांत. त्या काळात काम, शिधा व औषधोपचार देणे धर्मादाय औषधालयास सहज शक्य आहे.

शंका-समाधान

‘याने औषध महागणार नाही काय?’ काही प्रमाणात महागेल. परंतु संग्राहकाच्या हाती पडणारी रक्कम अंतिम किमतीचा लहानसा भाग असते. ती वाढविल्याने बाटलीच्या दरात होणारा फरक आपण वेष्टन बदलताना सहज सोसतो त्याहून फार मोठा असेलच असे नाही. प्रत्येकाने आपल्या एका कल्पापुरता हा हिशेब मांडून पाहावा.

‘आम्ही अगदी लहान, आमचे कोण ऐकणार?’ एकट्या औषधालयाचे वजन कमी हे खरे. संघाच्या शाखेने एकच प्रश्नावली सर्व घाऊक विक्रेत्यांस पाठविली, तर त्यांना उत्तर द्यावेच लागेल.

‘याचा औषधाच्या गुणवत्तेशी काय संबंध?’ संबंध आहे. उचलीच्या दडपणाखालील संग्राहक कोवळे फळ ओरबाडतो, काळ-वेळ पाहत नाही, वजन वाढविण्यासाठी ओला माल घालतो आणि मूळ उपटतो. द्रव्यसंग्रहणाचे शास्त्रोक्त नियम पाळण्यास संग्राहकाजवळ थोडा अवकाश असावा लागतो. जेथे माणूस मोकळा, तेथे द्रव्य संपन्न होण्याची शक्यता अधिक.

समारोप

वेठबिगारी ही दूर कोठे तरी घडणारी, कोणा क्रूर माणसाने केलेली गोष्ट, अशी समजूत सोयीची आहे. ती बहुधा अनेक सभ्य माणसांच्या स्वस्त खरेदीतून, उशिरा दिलेल्या पैशांतून आणि न विचारलेल्या प्रश्नांतून पोसली जाते. सबब सर्व सभासदांना विनंती की, येत्या संग्रहहंगामापूर्वी किमान एका द्रव्याची साखळी मूळ गावापर्यंत शोधून काढावी आणि तिचा तपशील शाखेच्या बैठकीत मांडावा.

स्वाध्याय

१) १९७६ च्या अधिनियमातील चार बंधने सांगून त्यांतील कोणते बंधन वनौषधी संग्राहकास विशेषत्वाने लागू होते, ते सोदाहरण स्पष्ट करा.
२) साधी उचल व वेठबिगारीचे कर्ज यांतील भेद कोणत्या कसोटीने ठरवाल?
३) आपल्या औषधालयात सर्वाधिक लागणाऱ्या दहा द्रव्यांची यादी करून प्रत्येकाचा स्रोत तालुक्यापर्यंत लिहा. किती रकाने रिकामे राहिले?
४) आपल्या भागातील एका द्रव्याच्या संग्रहाची रोजची मिळकत काढून ती किमान वेतनाशी ताडून पाहा.
५) पुरवठादाराकडे बालश्रम आढळल्यास करावयाच्या कृतींचा क्रम लिहा.